येणार नाही, एवढंच तो म्हणाला

आमच्या छोट्याशा कॉन्फरन्सची जागा ठरवायला मागच्या महिन्यात बैठक झाली. ॲम्स्टरडॅममधली बैठक म्हणजे कॉफी, माणशी एकच बिस्कीट (दुसरं उचललंत तर नजरा वळतात) आणि समोर एक्सेल. विमानभाडं, हॉटेलचे दर, हॉलमध्ये किती माणसं मावतात, सगळे रकाने भरलेले. मी दुबई सुचवली. मुंबईहून तीन तास, आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी बँक स्टेटमेंटं घेऊन खेटे घालायला नकोत.

एरवी बैठकीत तोंड न उघडणारा माझा एक सहकारी म्हणाला, "तुम्ही ठरवा. मी येणार नाही."

मला वाटलं, उन्हाला घाबरला असेल. बाहेर आल्यावर त्याने सांगितलं. त्याचा नवरा. इथे २००१ पासून दोन पुरुषांचं लग्न कायदेशीर आहे, तिकडे तेच नातं गुन्हा. चार वर्षं आम्ही शेजारी बसून डबा खातोय, त्या नवऱ्याने केलेला सफरचंदाचा केक मी दोनदा मागून घेतलाय, आणि दुबई म्हणताना मला हे सुचलंही नाही. मला फक्त माझा पासपोर्ट दिसत होता.

ऑफिसला जाताना माझी मेट्रो राय स्टेशनवर थांबते. तिथल्या प्रदर्शन केंद्रात १९९२ची जागतिक एड्स परिषद भरली होती. खरं तर ती बॉस्टनला व्हायची होती. पण अमेरिकेने १९८७ पासून एचआयव्हीबाधित परदेशी लोकांना दार बंद केलं होतं. १९८९मध्ये हान्स पॉल व्हर्हूफ हा डच कार्यकर्ता सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेला निघाला, मिनेसोटात विमानतळावर त्याच्या सामानात एझेडटी हे एचआयव्हीवरचं औषध सापडलं आणि त्याला तुरुंगात टाकलं. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या एड्स परिषदेवर अनेक संस्थांनी बहिष्कार घातला. ज्यांच्या आजारावर चर्चा, त्यांनाच प्रवेश नाही! शेवटी बॉस्टन रद्द झालं. बंदी २०१०मध्ये उठली, तेव्हा कुठे २०१२ला परिषद वॉशिंग्टनला परतली.

पण २०२२मध्ये हीच परिषद माँट्रिऑलला भरली, तेव्हा आफ्रिकेतल्या कितीतरी प्रतिनिधींना कॅनडाने व्हिसाच दिला नाही. त्यामुळे माझं व्हिसाचं रडगाणंही अगदीच खोटं नव्हतं.

आता आमच्या तक्त्यात एक रकाना वाढलाय: 'इथे कोण येऊ शकणार नाही?' तो नाव न लिहिता भरायचा, कारण दरवेळी कुणी उठून आपलं घर सगळ्यांसमोर उघडं का करावं? पहिल्याच आठवड्यात अकरा नोंदी आल्या. एकीने लिहिलं होतं, हिजाबवाल्या बाईला रात्री हॉटेलवर एकटीने परतता येईल का. दुबई गेली, पोर्तुगालमधलं लिस्बन ठरलं. सहकाऱ्याने तिकीट काढलंसुद्धा.

पुण्याच्या विद्यार्थिनीला मी निमंत्रणपत्र पाठवलंय. काल तिचा मेसेज आला: "सर, व्हिसाचे स्लॉटच दिसत नाहीयेत."