उतार संपला की निळा धूर

गाडीचं इंजिन खोलून, नव्या रिंगा घालून पुन्हा बांधून झाल्यावर पहिल्यांदा स्टार्टर मारला तेव्हा सायलेन्सरमधून इतका धूर निघाला की मागे उभा असलेला धाकटा भाऊ ओरडला, "दादा, बंद कर!" मी बंद केलं नाही. तो धूर येणारच होता. जोडताना बोअर (सिलिंडरचं आतलं भोक), पिस्टन, त्याच्याभोवतीच्या रिंगा सगळ्यांना हातानं ऑइल चोपडलेलं असतं, ते आधी जळतं. शिवाय खोलण्याआधी हेच इंजिन दोन वर्षं ऑइल खात होतं. त्यातलं बरंचसं सायलेन्सरच्या पोटात चिकटलेलं होतं, आणि गरम वायू लागले की तेही सुटायला लागतं.

हा सुरुवातीचा धूर घालवायला काही जण गाडी तासभर आयडलवर, म्हणजे जागेवरच नुसती चालू, ठेवतात. तसं करू नका, अगदी कळकळीनं सांगतो. नव्या रिंगा बोअरवर दाबून बसतात त्या सिलिंडरमधल्या जळत्या वायूच्या दाबानं, आणि आयडलवर तो दाब फारच कमी असतो. होनिंगच्या, म्हणजे बोअर घासताना मुद्दाम पाडलेल्या, बारीक रेघांवर रिंगा घासून बसायच्या आधीच भिंत गुळगुळीत झाली, तर पुन्हा खोलण्यावाचून पर्याय राहत नाही. गळती नाही, ऑइलचं प्रेशर ठीक आहे, एवढं बघून मी थेट रस्त्यावर गेलो. मध्यम लोड, वेग सतत कमीजास्त, साधं मिनरल ऑइल.

तीनशे किलोमीटरनंतर धूर बराच कमी झाला, पण गेला नाही.

निळा म्हणजे ऑइल, काळा म्हणजे जादा पेट्रोल, दाट पांढरा म्हणजे कूलंट, हे सगळ्यांना पाठ असतं. मला सकाळी थोडा पांढराही दिसायचा. तो दोन मिनिटांत विरायचा, त्याला गोडसर वास नव्हता आणि कूलंटची पातळी तसूभरही हललेली नव्हती. म्हणजे नुसती वाफ. निळा मात्र हवेत रेंगाळायचा, नाकात बसायचा. रंगावरून काय जळतंय ते कळलं, पण ते येतंय कुठून हे रंग सांगत नाही. ते कळतं धूर नेमका कधी येतो त्यावरून, आणि इथेच माझा एक आठवडा गेला. मनातली भीती एकच होती, रिंगा चुकल्या. दुसऱ्या रिंगेची खुणेची बाजू वर होती ना? ऑइल रिंगेच्या एक्स्पांडरची, म्हणजे तिच्या आतल्या स्प्रिंगपट्टीची, टोकं एकमेकांवर चढली नसतील ना? बोअर ७५ मिमीचा, रिंगांची फट फीलर गेजनं ०.३० मिमी मोजलेली, सगळं वहीत लिहिलेलं होतं. तरी रात्री झोप लागत नव्हती.

शेवटी भावाला दुसरी गाडी घेऊन मागे यायला सांगितलं आणि फोन चालू ठेवला. चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला. "काही नाही," तो म्हणाला. मग लांब उतारावर पाय काढून, गियरमध्येच गाडी सोडली. खाली पोचून पुन्हा पाय दिला, तशी फोनवर आरोळी आली, "आत्ता! आत्ता मोठा लोट आला!"

रिंगा धूर मारत असतील तर तो लोडवर, जोर लावताना ठळक दिसायला हवा. उतारावर थ्रॉटल बंद आणि इंजिन जोरात फिरतंय, अशा वेळी इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरला हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, व्हॅक्यूम सर्वांत जास्त असतो. व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल खाली उतरू नये म्हणून तिच्याभोवती रबरी सील असतं. ते खराब असेल तर तो व्हॅक्यूम दांडीच्या कडेनं वरचं ऑइल खाली ओढतो. पाय दिला की ते जळतं. रात्रभर उभ्या गाडीच्या पहिल्या स्टार्टला येणारा निळा भपकाही त्याच वाटेचा, कारण हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या भागात, साठलेलं ऑइल दांडीवरून थेंबथेंब उतरत राहतं.

तरी खात्री हवी होती. डिपस्टिकवर ऑइल जास्त नव्हतं, इंजिनच्या पोटातली वाफ इनटेकमध्ये सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवला की खुळखुळत होता, म्हणजे अडकलेला नव्हता. मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, पाहिलं : १७२, १७५, १७०, १७४ पीएसआय. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं तर आकडे जेमतेम पाचसातनं वाढले. रिंगांतून गळती असती तर ऑइलनं ती फट बुजून ते चांगलेच उसळले असते. प्लग काढले तेव्हा तीन कोरडे, तपकिरी. तिसऱ्या सिलिंडरचा मात्र काळा आणि ओला. मॅनिफोल्ड उतरवून टॉर्च मारली. तिसऱ्याच्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर ओलसर काजळीचा थर होता, बाकीच्या तिन्हींच्या पाठी कोरड्या. म्हणजे दोष त्याच व्हॉल्व्हच्या सीलचा.

हेड न उतरवता सील बदलता येतं. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, पिस्टन खाली असेल तेव्हा, प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडायची, एक टोक बाहेर ठेवायचं आणि क्रँक हातानं फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरी दबून व्हॉल्व्हला खालून आधार मिळतो. मग स्प्रिंग दाबून तिला दांडीवर धरून ठेवणारे छोटे लॉक काढायचे. लॉक काढताना भोवतीची सगळी भोकं फडक्यानं बुजवा, एक लॉक आत पडला तर दिवस गेला.

सील हातात घेतलं आणि सगळं समजलं. आतल्या ओठाला उभी चीर पडलेली होती. व्हॉल्व्हच्या दांडीवर लॉक बसायची खाच असते, तिची कड धारदार असते. सील त्या खाचेवरून सरकवताना ओठ कापला गेला होता. गॅस्केट सेटच्या पाकिटात एक पातळ प्लास्टिकची नळी होती, मी ती पॅकिंग समजून फेकली होती. ती दांडीवर चढवून, ऑइल लावून, तिच्यावरून सील उतरवायचं असतं. ही चूक माझी. वहीत त्या ओळीखाली लाल रेघ मारली आहे.

आठही सील नवीन घातले. या वेळी नळी होती, आणि प्रत्येक सील गाइडवर, म्हणजे दांडी ज्यातून सरकते त्या नळीवर, पूर्ण बसल्याचं बोटाला जाणवेपर्यंत मी पुढे गेलो नाही. धूर चालवून घेणं मला पटलं नव्हतं त्याला आणखी एक कारण आहे. जळक्या ऑइलमधला फॉस्फरस धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसत जातो आणि कन्व्हर्टर हळूहळू निकामी होतो.

पहिल्या दिवशी पुन्हा थोडा धूर आलाच, मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरमधलं उरलेलं ऑइल होतं ते. दुसऱ्या दिवशी भाऊ परत मागे, तोच उतार. खाली पोचून पाय दिला. फोनवर शांतता. "अरे, बोल की," मी म्हणालो.

"काय बोलू? काहीच दिसत नाहीये."

त्यानंतर सहाशे किलोमीटर झाले. डिपस्टिकवरची रेघ होती तिथेच आहे.