फ्लाइट सिमसाठी उचलून नेता येणारा तयार पीसी: पैसा कुठे घालायचा

नाशिकच्या ओझर विमानतळावरून पश्चिमेला उड्डाण करायचं, ब्रह्मगिरी डाव्या हाताला ठेवत घाट ओलांडायचा आणि मुंबईत उतरायचं. हवाई अंतर जेमतेम १६० किलोमीटर. पण फ्लाइट सिमचा, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याच्या सॉफ्टवेअरचा, पीसी पारखायला नाशिककरासाठी याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. ओझरभोवतीच्या द्राक्षबागांवर कुठलाही बरा पीसी तरून जातो. मुंबईच्या इमारती, विमानतळावरची उभी विमानं आणि जुलैचे ढग एकत्र आले की मात्र डब्यात, म्हणजे पीसीच्या कॅबिनेटमध्ये, खरोखर काय भरलंय ते कळतं.

असा लहान पीसी लागतो तो आठवडाभर पुण्यात आणि शनिवार-रविवार नाशकात असणाऱ्यांना, किंवा वैमानिकी शिकायला बारामती-गोंदियाला गेलेल्या मुलांना. शिकणाऱ्या मुलांसाठी आधी एक खर्च वाचवणारी गोष्ट: तुम्ही सेसना १७२ या छोट्या शिकाऊ विमानावरच्या पद्धती, सर्किट (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) आणि रेडिओ नॅव्हिगेशन घोटणार असाल तर पुढे सांगतोय त्याच्या निम्म्या ताकदीचा पीसीही चालेल. उरलेले पैसे चांगल्या रडर पेडलमध्ये घाला, हातापायांना वळण लागेल. पुढचं सगळं जेट विमानं, मोठी विमानतळं आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

दुकानात गेमिंग पीसी मागितला की बोलणं ग्राफिक कार्डापासून सुरू होतं. सिमच्या बाबतीत ते प्रोसेसरपासून सुरू करा. विमानाची उड्डाणगणितं, त्याच्या प्रणाली, आजूबाजूची वाहतूक आणि दृश्य रचण्याची बरीच तयारी यांचा मोठा भार एकाच धाग्यावर, म्हणजे मेन थ्रेडवर पडतो. म्हणून प्रोसेसरमध्ये १६ किंवा २४ कोअर (काम करणारे स्वतंत्र गाभे) असून फारसा उपयोग होत नाही. एक कोअर घाम गाळत असतो, बाकीचे बरेचसे मोकळे. त्या एका कोअरला लागणारी माहिती रॅममधून पुन्हा पुन्हा आणावी लागली की झटके बसतात. एएमडीच्या एक्स३डी प्रोसेसरमध्ये चिपवरच जास्तीची कॅश (माहिती हाताशी ठेवणारी वेगवान मेमरी) बसवलेली असते. रायझन ७ ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी, दोन्हींमध्ये ९६ एमबी एल३ कॅश आहे आणि सिममध्ये तिचा फरक डोळ्यांना दिसतो.

लहान डब्यासाठी या दोघांत माझा कौल ७८००एक्स३डीला. ९८००एक्स३डी वेगवान आहे यात शंका नाही, पण तो वीजही जास्त खातो, आणि दहा लिटर आकारमानाच्या डब्यात प्रत्येक वॅट पंख्याच्या आवाजातून परत ऐकू येतो. ७९५०एक्स३डीसारखे १६ कोअरचे प्रोसेसर सिमसाठी घेऊ नका. त्यांत जास्तीची कॅश अर्ध्याच कोअरना असते आणि विंडोजने सिम चुकीच्या अर्ध्यावर टाकला तर जास्त पैसे मोजून कमी फ्रेम (पडद्यावर सेकंदाला उमटणारी चित्रं) मिळतात. इंटेलचा आय९ १४९००के मोठ्या टॉवरमध्ये चालतो, पण पूर्ण भारावर तो २५० वॅटपर्यंत जातो, त्यामुळे लहान डब्यात त्याला जागाच नाही.

आता कार्ड. इथे कार्डाच्या वेगाआधी त्याची मेमरी बघा. सिम २०२४ च्या अधिकृत यादीत शिफारस ८ जीबीची आहे आणि आदर्श म्हणून १२ जीबी लिहिलंय. १४४० पी रेझोल्यूशनच्या मॉनिटरवर, तपशीलवार कॉकपिट असलेलं जेट आणि मोठं विमानतळ घेतलं की ८ जीबी भरून वाहते. मेमरी ओसंडली की फ्रेम हळूहळू कमी होत नाहीत, एकदम कोसळतात, आणि नेमकं उतरताना, कारण विमानतळाचा तपशील तेव्हाच चढत असतो. म्हणून १२ जीबीच्या खाली जाऊ नका. आरटीएक्स ५०७० मध्ये १२ जीबी आणि २५० वॅट, आरटीएक्स ५०६० टीआयमध्ये १६ जीबी आणि १८० वॅट. व्हीआर हेडसेट लावणार नसाल आणि ४के मॉनिटर नसेल, तर १६ जीबीचं ५०६० टीआय हे लहान डब्यासाठी फार समजूतदार कार्ड आहे: कमी वीज, कमी उष्णता, भरपूर मेमरी. पण याच नावाने ८ जीबीचंही कार्ड विकलं जातं. बिलावर आकडा लिहून घ्या.

नावाचा दुसरा घोळ याहून मोठा आहे. अडीच-तीन लिटरचे, पुस्तकाएवढे चपटे मिनी गेमिंग पीसी दिसायला देखणे असतात, पण त्यांत बहुतेक वेळा लॅपटॉपची चिप असते. लॅपटॉपच्या आरटीएक्स ५०७० मध्ये ८ जीबीच मेमरी आहे. नाव तेच, माल वेगळा. ५०८० लॅपटॉप चिपवाले काही मॉडेल १६ जीबी देतात, पण त्या किमतीत सुटे भाग बदलता येणारा डेस्कटॉप येतो. शिवाय वजन मोजताना सोबतची अडॅप्टरची वीट विसरू नका.

माझ्या मते नेण्या-आणण्यासाठी योग्य माप दहा ते अठरा लिटर. दहा लिटरचा डबा, उदाहरणार्थ फ्रॅक्टल टेरासारखा, भरल्यावर सात-आठ किलोपर्यंत जातो. आपल्याकडे देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाची मर्यादा साधारण ७ किलो असते, म्हणजे विमानाने नेणार असाल तर हा काटा बघूनच डबा निवडा. गाडीने किंवा रेल्वेने जायचं असेल तर कूलर मास्टर एनआर२०० सारखा अठरा लिटरचा डबा जास्त सुखाचा. त्यात मोठा कूलर बसतो, हवा खेळते आणि दुरुस्तीला हात शिरतो. काचेचं दार टाळा. जाळीचं घ्या.

हवेचा मुद्दा नाशकात गंभीर आहे. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारी बंद खोलीत डब्याला आत ओढायला गार हवाच मिळत नाही. ७८००एक्स३डीची तापमान मर्यादा ८९ अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि ते घडतं उड्डाणाच्या विसाव्या-तिसाव्या मिनिटाला, दुकानातल्या पाच मिनिटांच्या चाचणीत नाही. ३७ मिलिमीटर उंचीचा अगदी बुटका कूलर असलेला पीसी आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी घेऊ नका. डब्यात ७० मिलिमीटरचा बसत असेल तर तोच मागा. घरी आल्यावर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज उतरवणारी सोय, सगळ्या कोअरना उणे १५ वर ठेवून बघा. स्थिर राहिला तर उणे २०. तेवढ्यानेही तापमान उतरतं आणि वेग टिकतो. मध्येच पीसी आपोआप रीस्टार्ट झाला तर आकडा शून्याकडे पाच पावलं परत आणा.

तयार पीसीच्या पत्रकात लपलेली आणखी एक जागा म्हणजे रॅम. ‘३२ जीबी डीडीआर५’ एवढंच लिहिलेलं असतं. विचारायचं ते असं: पट्ट्या किती आणि वेग किती? लहान डब्यातल्या मिनी आयटीएक्स मापाच्या मदरबोर्डवर रॅमच्या दोनच जागा असतात. हवं ते १६ जीबीच्या दोन पट्ट्या, ६००० वेग, सीएल३० (विलंबाचा आकडा, लहान तेवढा चांगला). एकच पट्टी दिली तर अर्धी बँडविड्थ गेली, आणि ८ च्या दोन दिल्या तर वाढवताना दोन्ही फेकाव्या लागतात. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढल्यामुळे एका पट्टीवर भागवायचा मोह विकणाऱ्यालाही होतो आणि घेणाऱ्यालाही. वेगाचीही खात्री करा: बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू नसेल तर ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी. तिथे वेग आणि भरलेल्या जागा दोन्ही दिसतात.

एसएसडी २ टीबीची घ्या. सिम २०२४ बराचसा माल इंटरनेटवरून ओढत असला तरी विकत घेतलेली विमानं आणि विमानतळं जागा खातात. दुसरी एसएसडी बसवायची जागा बऱ्याच आयटीएक्स बोर्डांवर मागच्या बाजूला असते, म्हणजे नंतर वाढवायचं तर सगळा डबा सोडवावा लागतो.

कार्ड मदरबोर्डच्या पाठीला पाठ लावून बसवलेल्या डब्यांत रायझर केबल, म्हणजे कार्डाला बोर्डाशी जोडणारी पट्टी, असते. केबल पीसीआयई जोडणीच्या चौथ्या पिढीची (जेन ४) आणि कार्ड पाचव्या पिढीचं (जेन ५), अशी जोडी असली की कधी पडदा काळा पडतो, कधी सिम मध्येच बंद होतो, आणि दोष ड्रायव्हरला दिला जातो. बायोसमध्ये पीसीआयई स्लॉट ‘ऑटो’ऐवजी ‘जेन ४’ वर ठेवला की प्रश्न मिटतो, फ्रेमवर जाणवण्यासारखा परिणाम न होता. कार्डाची १६ पिनांची वीजजोडणी दारावर दाबून वाकलेली नाही ना, तेही बघा. कनेक्टरपासून साधारण ३५ मिलिमीटरपर्यंत केबल सरळ असावी आणि प्रवासानंतर दरवेळी ती पूर्ण आत बसली आहे याची खात्री करावी. अर्धवट बसलेली जोडणी तापून वितळते.

यूएसबी हा सिमवाल्यांचा वेगळाच ताप. योक (विमानाचं स्टिअरिंग), थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा), पेडल, हेडसेट, हेड ट्रॅकर, कीबोर्ड, माउस: सात जागा इथेच संपल्या. लहान डब्याला तेवढे पोर्ट नसतात. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या, पीसीतून वीज ओढणारा नको. उड्डाणात मध्येच थ्रॉटल ‘गायब’ होत असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक रूट हबची वीज वाचवण्याची खूण काढून टाका. योक आणि थ्रॉटल दरवेळी त्याच पोर्टात लावत चला. पोर्ट बदलला की कधीकधी बटणांची जुळणी पुन्हा करावी लागते.

एसएमपीएस, म्हणजे पीसीचा वीजपुरवठा, लहान डब्यांच्या एसएफएक्स मापाचा, ७५० वॅट, गोल्ड दर्जाचा असावा. कंपनी आणि मॉडेल दोन्ही विचारा, नुसतं ‘७५० वॅट’ हे उत्तर धरू नका. ५०७० सोबत भिंतीतून साधारण ३५० ते ४०० वॅट ओढले जातात, मॉनिटर वेगळा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो, म्हणजे वीज गेली की तो अंतिम टप्प्यावरचं विमान तुमच्यासकट खाली टाकणार. १००० व्हीए, ६०० वॅटचा घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा आणि यूपीएस मोडवर हवा. स्क्वेअर वेव्हवर काही एसएमपीएस गुरगुरतात, काही सरळ बंद पडतात.

नेताना कसारा घाट आणि पावसाळ्यातले खड्डे लक्षात ठेवा. कार्ड आडवं लटकत असेल तर डबा असा आडवा ठेवा की मदरबोर्ड जमिनीला समांतर राहील आणि कार्ड सरळ उभं. सव्वा किलोचा टॉवर कूलर असलेला पीसी वारंवार नेण्यासाठी नाहीच. कंपनी डब्याच्या आत फोमची उशी भरून पाठवते. ती पहिल्यांदा सुरू करण्याआधी काढा, पण जपून ठेवा, पुढच्या प्रवासाला तिच्याइतकं चांगलं काही नाही. एसी गाडीतून दमट खोलीत आणलेला पीसी अर्धा तास तसाच राहू द्या, मग प्लग लावा.

जिथे नेणार तिथलं इंटरनेटही बघा. सिम २०२४ साठी शिफारस ५० एमबीपीएसची आहे. मळ्यातल्या घरात फोनच्या हॉटस्पॉटवर उडवायचं असेल तर जमीन उशिरा उमटते आणि डोंगर मेणासारखे दिसतात. एक्स-प्लेन १२ हा दुसरा सिम दृश्यं डिस्कवर ठेवतो, तिथे तो कामी येतो.

घेतल्यावर परतीची मुदत संपायच्या आत ओझर-मुंबई चाचणी करा. १४४० पी, हाय सेटिंग, ए३२० नियो, दुपारची वेळ, ढग भरपूर. सिमच्या सेटिंगमधून डेव्हलपर मोड चालू करून फ्रेमदर्शक उघडा आणि सोबत तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवा. मुंबईत उतरल्यावर गेटवर दहा मिनिटं उभे राहा. ‘लिमिटेड बाय मेन थ्रेड’ दिसत असेल तर टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमिनीचा तपशील) आणि वाहतूक कमी करा. ‘लिमिटेड बाय जीपीयू’ असेल तर ढग आणि रेझोल्यूशन. फ्रेम जनरेशन, म्हणजे मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः रचून भरण्याची सोय, चाचणीत बंदच ठेवा. मूळ फ्रेम तिशीच्या वर असतील तरच ते नंतर शोभून दिसतं, आणि त्यालाही कार्डाची मेमरी लागते. सिममध्ये स्थिर ३५ ते ४० फ्रेम पुरेशा आहेत. ७० वरून क्षणात २० वर येणारा पीसी त्याहून वाईट. उड्डाणाच्या सुरुवातीला आणि तिसाव्या मिनिटाला प्रोसेसरचा वेग लिहून ठेवा. तो घसरला असेल आणि तापमान ८९ ला चिकटलं असेल तर कूलर कमी पडतोय. असा पीसी परत करा किंवा कूलर बदलून मागा.

आणि पैसे देण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या: बिघडल्यास पीसी नाशकातच दुरुस्त होणार की कुरिअरने बाहेर जाणार, आणि धूळ काढायला दार उघडलं तर वॉरंटी राहते की जाते. दर दोन महिन्यांनी ते दार उघडावंच लागणार आहे.