सार्वकालिक जीवन: मरणानंतर नव्हे, आत्तापासून

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातलं (येशूच्या चरित्रकथनातलं) ३:१६ हे वचन पाठ असलेले पुष्कळ असतात: देवाने जगावर एवढी प्रीती केली की आपला एकुलता एक पुत्र दिला, यासाठी की त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला सार्वकालिक, म्हणजे अनंत, जीवन मिळावं. त्याच्या आधीच्या दोन ओळी मात्र क्वचितच कुणी वाचतं. अर्थाची किल्ली तिथेच आहे. रात्री भेटायला आलेल्या निकदेम या यहूदी पुढाऱ्याला येशू जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायातला प्रसंग आठवून देतो: रानात साप चावलेले लोक, खांबावर टांगलेला पितळेचा साप, आणि त्याच्याकडे पाहणारा जगतो. जखम धुवायची नाही, लेप लावायचा नाही, फक्त पाहायचं. विश्वास म्हणजे ते पाहणं.

म्हणूनच या शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकमध्ये 'विश्वास' हे नाम एकदाही येत नाही, 'विश्वास ठेवणे' हे क्रियापदच सतत येतं. तत्त्वं मान्य केली, झालं, असा हिशेब इथे नाही. भार टाकायचा असतो.

दुसरी गल्लत काळाची. योहान ५:२४ मध्ये येशूचं वचन ऐकून विश्वास ठेवणाऱ्याला जीवन 'मिळेल' असं नाही, 'आहे' असं म्हटलंय. तो मरणातून जीवनात आधीच पार गेलेला आहे. १७:३ तर व्याख्याच देतं: देवाला आणि त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणं. ओळख, म्हणजे नातं. त्यामुळे 'मोक्ष' हा शब्द इथे नीट बसत नाही. शिवाय ख्रिस्ती आशा शरीराच्या पुनरुत्थानाची आहे, नुसत्या आत्म्याच्या सुटकेची नव्हे.

मग कर्मांचं काय? पौलाच्या इफिसकरांस पत्रातलं २:८-९ सांगून लोक थांबतात: तारण कृपेनं, विश्वासाद्वारे, कर्मांनी नाही. दहावी ओळ गाळतात, तिथे सत्कृत्यांसाठीच निर्माण केल्याचं लिहिलंय. कर्मं किंमत नाहीत, फळ आहेत.