तुम्ही विचारलंत म्हणून: रंगवलेले केस का तुटतात?

"रंग लावायला लागल्यापासून केस फार तुटतात हो. काय लावू?"

मी केस रंगवायचं काम करते हे कळलं की हा प्रश्न येतोच. विचारणारीला एखाद्या तेलाचं नाहीतर क्रीमचं नाव हवं असतं. मी उलट विचारते, "मागच्या वेळी रंग फक्त मुळांना लावलात की टोकांपर्यंत?" बहुतेक जणी म्हणतात, "सगळीकडे." मग मला पुढचं फारसं विचारावं लागत नाही.

त्याआधी केस तुटतायत की गळतायत, एवढं मात्र बघून घ्या. कंगव्यात आलेला केस उजेडात धरा. गळालेला केस पूर्ण लांबीचा असतो आणि त्याच्या एका टोकाला बारीकशी पांढरट गाठ दिसते. असे दिवसाला 50 ते 100 केस जाणं नेहमीचंच आहे. तुटलेला केस आखूड असतो आणि गाठ कुठल्याच टोकाला नसते. गळतीची कारणं शरीरात शोधावी लागतात, तुटण्याची बहुतेक वेळा केसावरच सापडतात.

केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात, आणि त्यांच्यावर स्निग्धतेचा एक पातळ थर. कायमचा रंग आत शिरायचा तर हे खवले उचलावे लागतात. ते काम अमोनिया किंवा तशाच एखाद्या अल्कलीचं. मग डेव्हलपरमधलं, म्हणजे रंगात मिसळायच्या द्रावणातलं, हायड्रोजन पेरॉक्साइड आत जाऊन केसाचा मूळ रंग फिका करतं आणि नवा रंग तयार होतो. हे होताना वरची स्निग्धता जाते आणि केराटिनला, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनलेला असतो त्याला, धरून ठेवणारे गंधकाचे काही बंधही तुटतात. असा केस पाणी जास्त पितो, फुगतो, शेजारच्या केसाला घासतो आणि गुंततो. शेवटी विंचरताना तुटतो, म्हणून दोष कंगव्याला दिला जातो.

एकदा रंग लावल्याने एवढं बिघडत नाही. बिघडतं ते त्याच केसाला परत परत रंग लावल्याने. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे 30 सेंटिमीटर लांब केसाचं टोक अडीच वर्षांचं असतं. दर दीड महिन्याने टोकापर्यंत रंग ओढत गेलात, तर त्या टोकाने जवळजवळ वीस वेळा पेरॉक्साइड सोसलेलं असतं. मुळाशी उगवलेल्या केसाने एकदाही नाही. डबा तोच आणि हातही तोच, पण या दोन केसांना एकसारखं वागवून कसं चालेल?

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात आग्रहाचं सांगणं: रंग नव्याने उगवलेल्या भागालाच लावा. भांग पाडत पातळ पातळ बटा घ्या आणि जुना रंग सुरू होतो त्या रेषेवर ब्रश थांबवा. त्याच्या खालच्या लांबीला आधीच भरपूर कंडिशनर चोपडून ठेवा, म्हणजे धुताना ओघळलेला रंगही तिथे फारसा बसत नाही. लांबी फिकी वाटत असेल, तर तिला पेरॉक्साइड नसलेला, काही धुण्यांत उतरणारा रंग द्या.

डेव्हलपर किती टक्के पेरॉक्साइडचा आहे, हेही विचारत जा. गडद रंगाला बऱ्याचदा 3 टक्के पुरतो, पांढरे केस झाकायला सहसा 6 वापरतात. 9 आणि 12 केस उजळवण्यासाठी असतात, आणि गडद रंगासाठी ते कुणी लावत असेल तर कारण विचाराच. ब्लीच सगळ्यात कठोर. काळ्याभोर केसांचं एका बैठकीत सोनेरी करून द्या म्हटलं, तर मी नाही म्हणते. 'अमोनियारहित' रंगात बहुधा दुसरी अल्कली असते. ती उडून जात नाही म्हणून वास येत नाही, एवढंच. आणि रंग व केस सरळ करायची रासायनिक ट्रीटमेंट यांतलं एकच निवडा. दोन्ही त्याच गंधकाच्या बंधांवर घाला घालतात.

आता "काय लावू?"कडे येते. तुटलेला केस पुन्हा सांधत नाही. उरलेला जपता येतो. त्यासाठी प्रत्येक धुण्यानंतर कंडिशनर हवाच. खराब झालेल्या केसावर ऋण विद्युतभार वाढतो आणि कंडिशनरमधले धन विद्युतभाराचे घटक नेमके तिथेच चिकटतात, त्यामुळे घर्षण कमी होतं. धुण्याआधी खोबरेल लावा, ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. बंध सांधणारी म्हणून मिळणारी उत्पादनं ब्लीच केलेल्या केसाला आधार देतात, पण त्यांच्या भरवशावर पुन्हा ब्लीच करू नका.

ओला केस सगळ्यात नाजूक. दोन बोटांत धरून हलकेच ताणून बघा. चांगला केस थोडा लांबतो आणि परत येतो. लांबून तसाच राहिला किंवा लगेच तुटला, तर पुढचा रंग लांबणीवर टाका. ओला गुंता रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर सोडवत जा. ओल्या केसावर स्ट्रेटनर कधीच नको. आतल्या पाण्याची वाफ होते, केसात बुडबुडे तयार होतात आणि तिथे तो मोडतो.

फाटे फुटलेली टोकं कापावीच लागतात. लांबी प्रिय असेल तर दर दोन महिन्यांनी दीड-दोन सेंटिमीटर कापा. तेवढी वाढ झालेलीच असते, त्यामुळे लांबी राहते आणि जुना भाग हळूहळू निघून जातो. केस अगदी मुळाशीच तुटत असतील, टाळूची आग होत असेल किंवा केस गेलेल्या चकत्या दिसत असतील, तर मात्र रंग थांबवून थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.