खंड्याचं पॅनेल: फॉइल झालं, सोल्डरिंग आयर्न ठरलं

रंगीत काचेच्या तुकड्यांतून खंड्या पक्ष्याचं पॅनेल करतेय. त्याची सगळी काच कापून, कडा घासून झाल्या आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची फॉइलही गुंडाळून झाली. निळी पाठ, तपकिरी डोकं, पांढरा गळा, लाल चोच असं सगळं बोर्डावर खिळ्यांनी आवळून बसवलंय. आता सोल्डरिंग, म्हणजे फॉइलवर सोल्डर (कथील-शिशाचं मिश्रण) वितळवून तुकडे जोडणं. त्यासाठी आयर्न कोणतं घ्यावं यावर बरंच वाचलं, ओळखीच्यांकडची हाताळून पाहिली आणि शेवटी एक घेतलं. नव्याने काचकामाकडे वळणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

घरात रेडिओ दुरुस्तीचं २५ वॅटचं आयर्न पडलेलं असतं, त्यावर भागेल का? भागत नाही. सर्किट बोर्डावरचा सांधा तांदळाच्या दाण्याएवढा, तेवढ्यापुरती उष्णता त्याच्याकडे असते. आपल्याकडे वीतभर लांब तांब्याची पट्टी असते, तिला दोन्ही बाजूंनी काच चिकटलेली, आणि टिप, म्हणजे आयर्नचं तापलेलं टोक, पुढे सरकेल तशी पट्टी उष्णता ओढतच राहते. पहिले दोन सेंटिमीटर छान वाहतात, मग सोल्डर घट्ट होऊन टिपेला चिकटतं आणि उचलली की टोकं वर येतात. त्यावर कितीही हात फिरवला तरी गोल, गुळगुळीत कणा, म्हणजे शिवणीवरचा सोल्डरचा उभार, येत नाही.

मग १०० वॅटचं साधं आयर्न घेतलं तर? त्याची अडचण उलटी. स्टँडवर ठेवलं की ते तापतच जातं, टिप काळी पडते आणि सोल्डर फॉइलवर थांबण्याऐवजी दोन काचांमधल्या फटीतून खाली गळतं. यावर डिमर लावायचा सल्ला खूप जण देतात. पंख्याच्या रेग्युलेटरसारखा तो वीज कमी करतो, पण टिप किती तापलीय हे त्याला कळत नाही. बसल्या जागी तापमान बेताचं राहतं, कामाला लागलं की घसरतं, कारण ज्या क्षणी जास्त वीज हवी त्या क्षणीही तो तेवढीच देतो. त्यातून आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे २३० चे २०० व्होल्ट झाले की १०० वॅटचं आयर्न जेमतेम ७५ वॅटचं उरतं. दुपारी बसलेला हात संध्याकाळी चुकायला लागतो तो यामुळे.

म्हणून तापमान नियंत्रण हवं, आणि त्यामागे भरपूर वॅट हवेत. डिस्प्लेवर ४८० अंश लिहिलेलं आहे याला माझ्या लेखी फार किंमत नाही. उष्णता गेल्यावर टिप किती लवकर सावरते, खरा प्रश्न तो.

काचकामातलं जुनं, भरवशाचं नाव म्हणजे वेलरचं डब्ल्यू १००. यात बटण नाही, नॉब नाही. टिपेच्या मागच्या टोकाला एका खास धातूची चकती असते, ठरावीक तापमानाला तिचं चुंबकत्व जातं आणि आतला स्विच सुटतो. थंड झाली की चुंबक परत ओढतो. तापमान बदलायचं तर टिप बदलायची. टिपेच्या बुडावर ७ असेल तर ७०० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३७० सेल्सिअस, आणि ८ असेल तर ८००. काम करताना आतून ‘टक’ असा आवाज येत राहतो, तो मला फार आवडतो. परदेशी विक्रेत्यांकडून मागवताना व्होल्टेज मात्र नीट बघा. अमेरिकन आवृत्ती १२० व्होल्टची असते, तिच्यासाठी घरात ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागेल.

दुसरं हाक्कोचं एफएक्स-६०१. वॅट ६७ च, पण सिरॅमिक हीटर पोकळ टिपेच्या आत अगदी पुढपर्यंत जातो, त्यामुळे सावरतं झटकन. नॉब मुठीतच, २४० ते ५४० अंश सेल्सिअसपर्यंत. वेगळं स्टेशन नाही, टेबलावर डबा नाही.

९३६ या मॉडेलच्या धाटणीची स्टेशनं (डबा वेगळा, आयर्न त्याला वायरीने जोडलेलं) आपल्याकडे सहज मिळतात, पुण्यात तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुद्धा. लहान पेंडंटपुरतं ठीक आहे. लांब शिवणीवर त्यांच्या बारीक टिपा दमतात. टी-१२ जातीची कार्ट्रिज त्याहून पुष्कळ चांगली, रुंद छिन्नी टिप लावली तर पॅनेलही होतं. पण त्यात हीटर आणि टिप एकच असतात. आपला झिंक क्लोराइडचा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून फॉइलला लावतो ते रसायन) टिपा खातो, आणि प्रत्येक खाल्लेल्या टिपेबरोबर हीटरही टाकून द्यायचा हे मला पटत नाही.

तर मी एफएक्स-६०१ घेतलं, २३० व्होल्टचं, साडेसहा मिमीच्या छिन्नी टिपेसह. बारीक टोक बघून नव्या माणसाला वाटतं नाजूक काम जमेल, पण काचेत उष्णता साठवणारी रुंद टिपच हवी.

सोल्डर ६०/४०, म्हणजे ६० टक्के कथील, ४० टक्के शिसं. हे १८३ अंशांना मऊ व्हायला लागतं आणि १९० पर्यंत पूर्ण पातळ होतं. मधली अवस्था इतकी छोटी म्हणूनच कणा झटकन गोठतो आणि गोल राहतो. ५०/५० ला पातळ व्हायला २१२ च्या आसपास जावं लागतं, ते बराच वेळ लापशीसारखं राहतं. मी टाके मारताना (तुकडे हलू नयेत म्हणून आधी थेंब-थेंब सोल्डर लावताना) ३६० आणि कणा ओढताना ३८० वर ठेवते. टिप सपाट टेकवायची, तार टिपेच्या पुढून द्यायची आणि घाई करायची नाही. टिपेमागे आरशासारखी पातळ रेघ दिसते, दोन-तीन सेंटिमीटर मागे तिच्यावर एक हलकीशी सुरकुती धावत येते आणि तिथे सोल्डर गोठतं. ती सुरकुती टिपेच्या मागे ठरावीक अंतरावर राहिली की वेग बरोबर आहे. पाठीची लांब शिवण अशी एका दमात गेली तेव्हा फार आनंद झाला.

डोळ्याभोवतीचे तुकडे नखाएवढे आहेत. तिथे तापमान कमी करण्यापेक्षा थांबून थांबून काम करणं बरं. एकाच जागी रेंगाळलं की काच तडकते.

शिशाच्या पट्टीचं काम करणाऱ्यांनी, म्हणजे फॉइलऐवजी शिशाच्या खाचेदार पट्ट्यांत काच बसवणाऱ्यांनी, माझे आकडे घेऊ नयेत. मुंबईच्या राजाबाई टॉवरसारख्या जुन्या इमारतींतल्या खिडक्या त्या पद्धतीच्या. शिसं स्वतःच ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे तिथे टिप सांध्यावर क्षणभर टेकवायची आणि उचलायची.

टिपेची निगा. या टिपा तांब्याच्या, वरून लोखंडाचा पातळ मुलामा. कानस किंवा पॉलिश पेपर लावला की मुलामा गेला आणि टिप संपली. काळी पडली तर नवसागर. कल्हईवाले भांड्याला लावतात तोच. त्याच्या वडीवर गरम टिप घासून लगेच सोल्डर लावलं की चकचकीत होते. पांढरा धूर भरपूर येतो, खिडकीजवळ करा. काम संपवताना टिपेवर सोल्डरचा जाड थर ठेवूनच स्विच बंद करते.

शिशाबद्दल विचारणा होते म्हणून सांगते: शिसं उकळतं १७०० अंशांच्याही वर, त्यामुळे ३८० ला दिसणारा धूर फ्लक्सचा असतो. तोही नाकात नकोच, पंखा लावते. शिसं पोटात जातं ते हातांवाटे. त्यामुळे स्वयंपाकघरातलं टेबल नाही, काम करताना चहा नाही, आणि उठल्यावर साबणाने हात.

चोचीचं टोक सोडलं तर पुढची बाजू पूर्ण झाली. आता पॅनेल उलटून मागची बाजू, मग कडेला झिंकची चौकट, साबणाने धुणं आणि काळा पटिना, म्हणजे सोल्डर काळं करणारं द्रावण. चोचीच्या टोकाशी तीन शिवणी एकत्र येतात, तिथे रुंद टिप शिरत नाही. त्या एका जागेसाठी तीन मिमीची छिन्नी मागवलीय, ती आली की चोच पुरी करते.