पाचवं पत्र, ४१ केबी

परवा शनिवारी पाचवं ईमेल-पत्र गेलं. यादीत आता १४३ जण आहेत, पहिल्या पत्राला ६१ होते. विषय तोच: पुण्यातले हौद आणि पेशवाईतली पाण्याची सोय. या विषयावर मी आधीही लिहायचो, पण वाचणारा येईल तेव्हा येई आणि मीही सुचेल तेव्हा लिही. पत्र ठरल्या दिवशी वाचणाऱ्याच्या दारात जातं, त्यामुळे आता लिहावंच लागतं.

या वेळी सांगायचंय ते तिसऱ्या पत्राबद्दल, कारण मराठीत पत्र काढणाऱ्या प्रत्येकाला हे भोवू शकतं. ते पत्र कात्रजच्या नळावर होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, आणि त्या नळावर हवा खेळती राहावी म्हणून जागोजागी उच्छ्वास ठेवले. जीव ओतून लिहिलं होतं. सोमवारी सकाळी मावशीचा फोन आला, "अरे, उच्छ्वासापाशीच थांबलास की! पुढचं कुठाय?"

संध्याकाळी सदाशिव पेठेत तिच्याकडे जाऊन फोन पाहिला. मजकूर मध्येच तुटलेला, खाली तीन ठिपके आणि पूर्ण मेल पाहण्यासाठीची बारीक इंग्रजी ओळ. ती ओळ मावशीला दिसलीच नव्हती. ‘यादीतून नाव काढा’ हा दुवाही कापलेल्या भागातच गेला होता, आणि याचं मला जास्त वाईट वाटलं. ज्याला पत्र नको आहे त्याला बाहेर पडायचं दार दिसायलाच हवं.

चूक माझ्या साच्याची होती. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मजकूर दाखवत नाही. इंग्रजी अक्षर १ बाइटचं असतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि काना, मात्रा, हलन्त सगळी वेगळी मोजली जातात. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर दिसतं. क, हलन्त, ष आणि वेलांटी मिळून त्याचे १२ बाइट होतात. दुव्याच्या पत्त्यात देवनागरी असेल तर एका चिन्हाची टक्केचिन्हांसकट ९ अक्षरं होतात. माझा मजकूर ४६ केबी होता, पण रंगीत चौकटींचा तयार साचा आणि लांबलचक दुवे धरून पत्र ११२ वर गेलं होतं.

आता चौकटी नाहीत, एकच स्तंभ, दुवे छोटे आणि रोमन अक्षरांत, मजकूर १८०० शब्दांच्या आत. पाचवं पत्र ४१ केबी भरलं. पाठवण्याआधी ते मावशीला पाठवतो आणि तिने शेवटची ओळ फोनवर वाचून दाखवली की मगच यादीला सोडतो.

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी, म्हणजे पत्र खरंच माझ्याच पत्त्यावरून आलंय हे मेलसेवांना पटवणाऱ्या खुणा, डोमेनवर पहिल्याच आठवड्यात करून घेतल्या. त्यात एक संध्याकाळ जाते, टाळू नका.

नावं अजून हौद पाहायच्या रविवारच्या फेरीतच मिळतात. वहीत ५८ जणांनी पत्ते लिहिले, पुष्टीच्या मेलवर होकार ३७ जणांनी दिला. उरलेल्या २१ जणांना मी पत्र पाठवलं नाही. काहींचं अक्षरच लागलं नसणार, इंग्रजी ‘एल’ आणि ‘एक’ हा आकडा हाताने लिहिले की सारखेच दिसतात. आता माणूस समोर असतानाच पत्ता फोनवर टाइप करून त्याला दाखवतो.

याच शहरातून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून निबंधमालेचे ८४ अंक काढले, बहुतेक सगळं लेखन एकहाती. पाचव्या पत्राला दम लागला तेव्हा तो आकडा मी कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवला.

काल रात्री एका वर्गणीदाराचं उत्तर आलं. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या आजोळच्या वाड्यात हौद होता, तो बुजवताना आजोबांनी तोटीचा दगड काढून ठेवला होता. तो अजून त्यांच्या गच्चीवर आहे, कुंडीखाली. येत्या रविवारी मोजपट्टी घेऊन जातोय.