पत्रा गळत नाही

माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, घरं होती तेव्हा मृगाआधी वर पांढरी माती पसरणं हे मराठवाड्यात ठरलेलं काम होतं. पत्रे आले आणि ते काम सुटलं, असं सगळे धरून चालले. सुटलं कुठे? मातीवरून वायसरवर, म्हणजे नटाखालच्या चकतीवर आलं, एवढंच.

पत्रा सहसा गळत नाही; गळतं ते त्याला पाडलेलं भोक. वैशाखातली दुपार आणि पहाट यांत पत्र्याला सहज ४० अंशांचा फरक पडतो. तेवढ्यात १० फुटी पत्रा दीडेक मिलिमीटर लांबतो-आखडतो. रोजच्या या ओढाताणीत, पत्रा खालच्या लोखंडी अँगलला धरून ठेवणाऱ्या हुकाभोवतीचं भोक लांबट होतं, डांबरी वायसर सुकून तडकतो आणि पहिलं वावधान सुटलं की पाणी घरात.

भगुनं जिथे ठेवतो तिथे वर भोक नसतं. पाणी पत्र्याच्या पोटाला चिकटून उतरतं, अँगल आडवा आला की टपकतं. म्हणून शोध आढ्याकडे घ्यायचा. भर दुपारी दारं-खिडक्या लावल्या की उजेडाचा टाचणीएवढा ठिपका दिसतो. त्यातून बारीक तार वर सारली की वर चढल्यावर खूण सापडते.

काम सकाळीच, पत्रा तापायच्या आत. वाऱ्याच्या भीतीने ठेवलेले धोंडे आधी खाली घ्या. त्यांच्याखाली माती धरते, ओल राहते आणि नेमका तिथेच पत्रा गंजतो. अँगलच्या रेषेवर आडवी फळी टाकून तिच्यावरच पाय द्यायचा. नटांवर आदल्या संध्याकाळी डिझेल सोडलेलं असावं. तरीही नट फिरत नसेल तर ब्लेडने कापा. हातोडीने भोक फाटतं.

पुढचं काम कंटाळवाणं, म्हणून बहुतेक जण ते टाळतात. जुनं डांबर खरवडायचं, तारेचा ब्रश मारायचा, थिनरच्या फडक्याने पुसून उघड्या लोखंडाला रेड ऑक्साइड लावायचं आणि ते वाळू द्यायचं. धुळीवर लावलेलं डांबर पत्र्याला नव्हे, धुळीला चिकटतं. मग नवा ८ मिलिमीटरचा हुक, पत्र्याला लागून डांबरी वायसर, त्यावर लोखंडी वाटीचा वायसर, वर नट. डांबर कडेने जरासं डोकावलं की थांबा. जोर दाखवणाऱ्यांनी या कामाला हात लावूच नये: पत्र्याचा उंचवटा दबला की खळगा होतो आणि पाणी तिथेच साचतं.

रंगीत पत्र्याच्या स्क्रूचंही तेच. मशीन जास्त दाबलं की रबर टोपीबाहेर चुरगळतं. भोक सैल झालं असेल तर १२ नंबरच्या जागी १४ नंबरचा स्क्रू घ्या. दोन गोळे मळून लावायची पुट्टी दगडासारखी घट्ट होते, पत्र्याबरोबर हलत नाही; वर्षभरात कडेला चीर. आणि पन्हळीत, म्हणजे दोन उंचवट्यांमधल्या खोलगट भागात, पाडलेलं भोक वायसरच्या भरवशावर सोडूच नका, त्यावर ठिगळच हवं.

शेवटी पाण्याची परीक्षा. मे महिन्यात टँकरचं पाणी छपरावर ओतायची चैन इथे कोणाला परवडते! एका हुकाला एक तांब्या पुरतो. सुरुवात वळचणीकडच्या रांगेपासून करायची, म्हणजे वरून ओघळलेल्या पाण्याचा आळ खालच्या हुकावर येत नाही.